ब्रेकचा पाय

माझं चपलांचं दुकान आहे. उभा जन्म डावं-उजवं करण्यात गेला माझा, आणि त्याची मला लाज नाही. चपलेच्या धंद्यात डावं-उजवं न करणाऱ्याने सरळ दुकानाला कुलूप लावावं. शेजारच्या गाळ्यात नवऱ्याचं मोटरसायकलींचं गॅरेज. मधली भिंत छताला टेकतच नाही, त्यामुळे तिकडची ठोकाठोक, तिकडचा धूर आणि तिकडच्या गप्पा सगळं माझ्याकडे येतं. माझ्याकडून तिकडे फक्त माझा आवाज जातो, आणि तो ऐकायचा की नाही हे ते त्यांच्या सोयीने ठरवतात. सगळा रस्ता त्यांना मिस्त्री म्हणतो. मीही इथे मिस्त्रीच म्हणेन.

तर गॅरेजची एक भाषा असते. मिस्त्री कधीच डावीकडचं पेडल, उजवीकडचं पेडल असं म्हणणार नाहीत. म्हणणार, ब्रेकचा पाय सैल झालाय, गिअरचा पाय जड लागतोय. जणू गाडीलाच पाय फुटलेत. गिऱ्हाइकाला ते बरोबर कळतं. लेकीला तर कळतंच, कारण ती चालायला लागायच्या आधी त्या गॅरेजात रांगलेली आहे, गुडघ्यांना ग्रीस लावून घरी यायची. मी आपली मधून विचारायचे, 'अहो, त्याचा डावा की उजवा?' की बाप-लेक एकमेकांकडे बघून हसणार. आई, ती गाडी आहे, सँडल नाही, असं ती मला ऐकवायची. हसा म्हटलं. हसायला काय लागतं.

लेकीला चांगलं नाव आहे, पण ती एवढीशी असल्यापासून मिस्त्री तिला वायसर म्हणतात. का, तर म्हणे नटाखालचा वायसर दिसतो चिमुकला, पण तो नसला की सगळं खिळखिळं होतं. पोटच्या पोरीला वायसर म्हणतं का कुणी? मी पुष्कळ आदळआपट केली. आता मीच म्हणते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, दुसरं काय.

ही वायसर मोटरसायकलींच्या एका मासिकात लिहिते. गाड्या चालवायच्या आणि त्यांचं बरं-वाईट लिहायचं, यासाठी कुणी पगार देतं यावर माझा बरेच दिवस विश्वास बसला नव्हता. तिने स्वतःला नवी गाडी घेतली ती मधल्या वजनाची. हलकी फटफटी नव्हे, आणि पडली तर चार माणसं बोलवावी लागतील असं धूडही नव्हे. मिस्त्रींची जुनी गाडीही त्याच वजनाची, त्याच ताकदीची, फक्त वयाने लेकीच्या दुप्पट. जुनीला आमच्याकडे म्हातारी म्हणतात. नवीला मिस्त्रींनी नाव दिलं शहाणी, कारण तिला सगळं कळतं. चाक अडकायला लागलं की ती स्वतःच ब्रेक सोडते आणि पुन्हा धरते, रस्ता ओला असला की स्वतःच ताकद आवरते. मग वर बसलेल्या माणसाने काय करायचं, शिट्टी वाजवायची का, असा मिस्त्रींचा सवाल. त्यावर वायसर म्हणायची, म्हातारी जिथे उभी राहते तिथे तेलाचा डाग पाडते. मिस्त्री म्हणायचे, तेल गळतंय म्हणजे आत तेल आहे एवढं तरी समजतं, तुझ्या शहाणीच्या पोटात काय आहे ते बघायला संगणक लागतो.

रोज संध्याकाळी गॅरेज आवरताना हेच चालायचं. भांडता भांडता दोघांनी एक तिसरी काढली. काढली म्हणजे खडूने, गॅरेजच्या भिंतीवर, खऱ्या मापाची. म्हातारीची टाकी, म्हातारीची सीट, शहाणीचं इंजिन, शहाणीचे ब्रेक. आवाज म्हातारीचाच हवा असं दोघांचंही मत, पण आवाज काही भिंतीवर काढता येईना. जगात कुठल्याही कंपनीने न केलेली गाडी. रोज तिचं काहीतरी पुसलं जायचं, काहीतरी वाढायचं. कधी तिला लांबच्या प्रवासाच्या पेट्या लागायच्या, कधी चिखलात जायचे टायर. मीसुद्धा एकदा जाऊन मागच्या सीटला पाठ टेकायला जागा काढून आले. ती मात्र कुणी पुसली नाही. एकाच गोष्टीवर बाप-लेकीचं जुळत नव्हतं, ती म्हणजे पाय.

आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावरच आहे. शहाणीचा, म्हणजे आजकालच्या सगळ्याच गाड्यांचा, गिअर डाव्या पायाला असतो आणि ब्रेक उजव्या. म्हातारीचं बरोबर उलटं. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. वर आणखी एक खोड. तिचा गिअर उचलला की पहिला पडतो, आणि दाबत गेलं की दुसरा, तिसरा, चौथा. म्हणजे नव्या गाडीची सवय असलेल्या माणसाने ब्रेक समजून उजवा पाय दाबला, तर म्हातारी थांबणं राहिलं बाजूला, उलट वरच्या गिअरमध्ये जाऊन मोकळी सुटते. हे मला वायसरनेच समजावलं होतं, माझ्याच दुकानात, जमिनीवर एक जोड मांडून. सांगताना ती हसत होती, आणि मी तो जोड उचलून फळीवर ठेवून दिला.

म्हणून भिंतीवरच्या तिसरीला मिस्त्री गिअर उजवीकडे काढायचे आणि दुसऱ्या दिवशी वायसर तो पुसून डावीकडे न्यायची. चित्रात हा खेळ चालतो.

मग तिच्या संपादकाने तिला पहिल्यांदा मोठा लेख दिला. जुनी आणि नवी, एका वजनाच्या, एकाच रस्त्यावर, दोन्हींची तुलना, आणि शेवटी 'अशी तिसरी असती तर'. विषय हिनेच सुचवलेला. लेख जमला तर मासिकात तिची जागा पक्की होणार होती, त्यामुळे ती हवेतच होती. रस्ता निवडला घाटाचा. सपाटीवर सगळ्याच गाड्या गुणी असतात, म्हणाली, खरं काय ते उतारावर कळतं. म्हणजे म्हातारीवरून ही घाट उतरणार. मी म्हटलं, मला ते न चढताच कळलंय.

तशी ती कितीतरी दिवस म्हातारी चालवत होती. गल्लीत, बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, कालव्याच्या कडेने. एकदाही पाय चुकला नाही. मिस्त्री खूश होते, पाय शिकला पोरीचा म्हणाले. मी त्यांना म्हटलं, मी दुकानात रोज माणसांचे पाय बघते. माणूस घाईत असला की त्याचा नेहमीचाच पाय आधी पुढे येतो, मग मी दुसऱ्या पायाची चप्पल धरून बसलेली का असेना. घाईत पाय डोक्याला विचारत नाही. यावर मिस्त्रींनी मला सांगितलं, की चपला विकायची अक्कल गाडीला लावू नकोस. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण खरं सांगते, रागापेक्षा भीती मोठी होती. एकुलती एक लेक. ती तिकडे घाट उतरतेय आणि मी इकडे कुणाच्या तरी पायाचं माप घेतेय, हे माझ्याच्याने झालं नसतं. मी सांगून टाकलं, एक तर मीही येते, नाहीतर दोन्ही चाव्या माझ्या गल्ल्यात.

म्हणून तिघं निघालो. चढताना वायसर तिच्या शहाणीवर आणि मी मिस्त्रींच्या मागे म्हातारीवर. चढ बरा गेला. म्हातारी कण्हत कण्हत चढली आणि मिस्त्री तिच्याशी बोलत होते, जसं ते माझ्याशी कधी बोलत नाहीत. वर टपरीवर चहा घेतला. वायसरने दोन्ही गाड्यांचे फोटो काढले, मग आमचा दोघांचा काढला, आणि मला हसायला सांगितलं. त्या फोटोत मी हसलेली नाही.

मग गाड्या बदलल्या. उतरताना म्हातारीवर ती एकटी, आणि शहाणीवर मिस्त्री व त्यांच्या मागे मी. नव्या गाडीबद्दल जुन्या मिस्त्रीचं मत तिला लेखात हवं होतं. निघण्यापूर्वी मिस्त्रींनी तिला समजावलं, दुसऱ्या गिअरवरच ठेव, हातातल्या ब्रेकवर विसंबू नकोस, ब्रेकचा पाय हळूहळू दाबत राहा. मी मधूनच म्हटलं, 'डावा.'

'हो गं आई, डावा,' ती म्हणाली. 'पायावर लिहून घेऊ का?'

लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं. ती हेल्मेट चढवून निघाली आणि आम्ही तिच्या मागोमाग.

घाटात गार वारा होता. बाकी लोक म्हणे देखावा बघायला तिथे जातात. मी तिची पाठ आणि तिचा डावा पाय यांच्यापलीकडे काही पाहिलं नाही. वळण आलं की तो पाय खाली जायचा, म्हातारीचा मागचा लाल दिवा लागायचा, आणि मी श्वास सोडायचे. पुन्हा वळण, पुन्हा पाय, पुन्हा लाल दिवा. माझे स्वतःचे दोन्ही पाय मी पायदाण्यांवर असे दाबून धरले होते की पोटऱ्या दुखायला लागल्या. मागे बसलेल्या बाईच्या पायाखाली कुठलाच ब्रेक नसतो. माहीत होतं मला. तरी दाबत होते.

मिस्त्री मात्र रमले होते. शहाणी त्यांना आवडली होती, कबूल करणार नव्हते एवढंच. गाडी कशी लोण्यासारखी उतरतेय, असं ते मान वळवून मला सांगायला लागले. मी त्यांना पुढे बघा म्हणून दरडावलं.

तेवढ्यात झुडपातून एक कुत्रं निघालं आणि वायसरच्या चाकापुढून पळत पलीकडे गेलं. एवढंच झालं. त्याला काही लागलं नाही, तेही थांबलं नाही. पण पोरगी दचकली, आणि मी बघत होते तो डावा पाय जागेवरच राहिला. उजवा खाली गेला. लाल दिवा लागला नाही. म्हातारीचा आवाज, जो इतका वेळ उतारावर गुरगुरत होता, तो एकदम बसला.

मिस्त्रींची पाठ माझ्यासमोर ताठ झाली. 'तिसरा पडला,' ते म्हणाले.

मी विचारलं नाही काय म्हणून. म्हातारी सुटली होती, ते मला दिसत होतं. वायसरचा उजवा पाय पुन्हा दाबला गेला, पुन्हा दिवा नाही, आणि आवाज आणखी खाली गेला. आता म्हातारी चौथ्यात होती आणि तिला धरून ठेवणारं काहीच राहिलं नव्हतं. हातातला ब्रेक ती दाबत असणारच, पण म्हातारीचा पुढचा ब्रेक तापला की नावापुरता उरतो. खाली पुढच्या वळणावर विटांचा एक ट्रक बंद पडून उभा होता, चाकांना दगड लावून. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला बुटका कठडा. कठड्याच्या पलीकडे काय होतं ते मी पाहिलं नाही आणि आजही मला कुणी सांगू नये.

देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला माझी पोर गेलेली दिसली.

मिस्त्रींनी शहाणीचा वेग वाढवला. उतारावर, वळणाच्या तोंडाशी. एरवी मी त्यांना बुकलून काढलं असतं. आम्ही तिच्या बरोबरीला आलो आणि मला तिचा चेहरा दिसला. तिला कळतच नव्हतं काय बिघडलंय. तिच्या समजुतीप्रमाणे ती ब्रेक दाबत होती, जिवाच्या आकांताने दाबत होती, आणि ब्रेक लागत नव्हता.

मिस्त्री ओरडले, 'ब्रेकचा पाय! वायसर, ब्रेकचा पाय दाब!'

तिने ऐकलं. मान हलवली. आणि उजव्या पायावर सगळा भार टाकून जवळजवळ उभी राहिली.

त्यांच्या ब्रेकचा पाय डावा. तिच्या ब्रेकचा पाय उजवा. एकाच गॅरेजात, एकाच तोंडाने शिकलेला शब्द, आणि दोघांच्या अंगात तो वेगवेगळ्या पायात जाऊन बसला होता. मिस्त्री पुन्हा ओरडले, पुन्हा तेच. ते जितक्या मोठ्याने ब्रेकचा पाय म्हणत होते, तितकी ती पोर तो चुकीचा पाय आणखी रेटत होती. बापाचं ऐकत होती ती. ट्रकच्या विटा एक एक वेगळ्या दिसायला लागल्या.

मी मिस्त्रींच्या खांद्यावरून अर्धी बाहेर वाकले आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले. 'डावा! वायसर, डावा पाय! डावा!'

तिने खाली पाहिलं. खाली बघायची ती वेळ नव्हती, पण तिने पाहिलं, आणि मग डावा पाय गेला. लाल दिवा लागला. म्हातारीचं मागचं चाक ओरडत इकडून तिकडे फिरलं, गाडी लटपटली, पुन्हा सरळ झाली, आणि ट्रकच्या मागच्या फळीला हात लावता येईल इतक्या अंतरावर जाऊन थांबली. वायसरने दोन्ही पाय जमिनीवर टेकले.

थांबली, असं मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले की मनात, आठवत नाही.

आणि आम्ही थांबलो नव्हतो. तिच्या पायाची काळजी आम्ही सगळ्यांनी केली होती. मिस्त्रींच्या पायाची कुणीच केली नव्हती, मीसुद्धा नाही. उभं आयुष्य म्हातारी चालवलेला माणूस, पोर वाचलेली बघून भानावर आला, समोर ट्रक दिसला, आणि त्याने त्याच्या ब्रेकचा पाय खच्चून दाबला. डावा. शहाणीचा डावा पाय म्हणजे गिअर, आणि तिचा गिअर दाबला की खालचा पडतो. इंजिन किंचाळलं, मागचं चाक अडकलं, गाडी आडवी झाली. शहाणीला सगळं कळतं, पण ब्रेक कुणी दाबलेलाच नव्हता, तर ती बिचारी काय सोडणार आणि काय धरणार. आम्ही खडीवरून घसरत कठड्याशी जाऊन आपटलो. माझा खांदा निखळला. मिस्त्रींचा डावा पाय गाडीखाली आला.

ट्रकवाला धावत आला, त्याने गाडी उचलली, पाणी आणलं. वायसर हेल्मेटसकट रस्त्यात बसली आणि बापाचं डोकं मांडीवर घेतलं. मला एका हाताने तिला चाचपून बघायचं होतं, डोकं, मान, बोटं, गुडघे, सगळं जागेवर आहे ना, आणि मी बघितलं. मिस्त्री विव्हळत नव्हते. एकच विचारत होते, माझ्याकडे बघून.

'मी ब्रेकच म्हणालो ना गं?'

'हो,' मी म्हटलं. 'ब्रेकच म्हणालात.'

पाय प्लास्टरमध्ये गेला, खांदा झोळीत गेला. शहाणीही दुरुस्त झाली, मिस्त्रींनी स्टुलावर बसून केली. पण माणूस बदलला. गॅरेजमधून गप्पांचा आवाज येईना. मध्येच हातातला पाना खाली ठेवून भिंतीवरून मला विचारायचे, मी तिला वाचवत होतो की ढकलत होतो गं? वाचवत होतात, म्हणायचे, आणि चुकीच्या जोडातली चप्पल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे.

एक दिवस पलीकडून खडूचा आवाज आला म्हणून जाऊन पाहिलं. एका कुबडीवर उभे राहून त्यांनी तिसरीचे दोन्ही पाय पुसून टाकले होते आणि नवे काढले होते. डावीकडे ब्रेक. उजवीकडेही ब्रेक. गिअर वर, हाताला. वायसर दारात उभी होती. अशी गाडी कोण बनवेल, बाबा, तिने हळूच विचारलं. मिस्त्री म्हणाले, न का बनवेना कुणी. कुठलाही पाय चुकला तरी थांबली पाहिजे. आणि मग आमचे मिस्त्री, जे स्वतःचं बोट साखळीत गेलं तेव्हा रडले नव्हते, ते भिंतीकडे तोंड करून रडले.

तिने लेख लिहिला. जुनी, नवी, आणि शेवटी तिसरी, दोन ब्रेकांची. घाटात काय झालं ते त्यात नाही. संपादकाने विचारलं, हे दोन ब्रेक म्हणजे विनोद आहे का. ती नाही म्हणाली. त्याने छापला, तिची जागा पक्की झाली, आणि मला वाटलं सुटलो.

कसलं सुटतोय. प्लास्टर निघालं त्या आठवड्यात तिने पुन्हा म्हातारी बाहेर काढली. मी दारात आडवी उभी राहिले. तिचं म्हणणं, घाबरून एक पाय सोडून दिला तर तो कायमचा परका होतो, दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवायच्या, म्हणजे दोन्ही अंगात राहतात. तेव्हा मी अट घातली. निघताना माझ्या दुकानासमोर थांबायचं, मी विचारणार, आज ब्रेक कुठला, आणि तिने तो पाय उचलून दाखवायचा. ती हसली, पण थांबायला लागली. शहाणीवर असली की उजवा पाय हलवायची, म्हातारीवर असली की डावा. घरात आता गॅरेजची भाषा बंद आहे. तिघंही डावा-उजवा म्हणतो, चपलेच्या दुकानात बोलावं तसं.

बरेच दिवस हे ठीक चाललं. मग एका सकाळी ती शहाणीवर होती, रोजची गाडी, रोजचा रस्ता. मी विचारलं, आज ब्रेक कुठला? तिने पाय उचलला नाही. खाली पाहिलं. एकदा डाव्या पायाकडे, एकदा उजव्या. हेल्मेटच्या काचेतून मला तिचे डोळे दिसत होते, आणि ते घाटातले डोळे होते.

'आई,' ती म्हणाली, 'तू विचारू नकोस. तू विचारलंस की मला आठवावं लागतं.'

म्हणजे जे तिला न विचारता येत होतं, ते मी विचारून विचारून घालवत होते. त्या दिवसापासून माझं तोंड बंद. ती येते, हात करते, जाते. मी फक्त कुठली गाडी ते बघते, आणि ती घरी परतेपर्यंत गल्ल्यामागे बसून तो पाय जमिनीवर दाबून धरते. शहाणी असली की उजवा, म्हातारी असली की डावा. वेडेपणा आहे, मलाही कळतं. गिऱ्हाइकाला चप्पल दाखवतानाही मी तो पाय उचलत नाही, खुर्चीवरूनच वाकते. परवा एका बाईने विचारलं, पायाला काही लागलंय का हो? म्हटलं, नाही, सवय आहे.

आज सकाळी मी मागे माळ्यावर खोकी रचत होते. ती निघाल्याचं कळलं, पण नेमका त्याच वेळी रस्त्यावरून ट्रक गेला, त्यात गाडीचा आवाज बुडाला. मिस्त्री बसने कुठेसे पार्ट आणायला गेलेत. ती कुठली घेऊन गेली, मला माहीत नाही. उठून चार पावलं गेलं आणि गॅरेजात डोकावलं की लगेच कळेल, जी उभी असेल ती नेलेली नाही. पण त्यासाठी पाय उचलावे लागतील. मी दोन्ही दाबून बसले आहे.